एकोणिसावा प्रश्न

"झाले का अठरा?" पलीकडून तिनं विचारलं.

झाले, म्हणून मी सांगितलं, आभार मानले आणि फोन ठेवायला गेले.

"आणि मागचं? ते नाही विचारायचं?"

शाळेच्या बस धुणारी बाई होती ती. यादीतली पहिलीच. अंग बाहेर येतं म्हणून पाच वर्षांपूर्वी आमच्या इस्पितळात तिचं ऑपरेशन झालं होतं. पिशवी काढली होती आणि सैल पडलेली पुढची भिंत शिवली होती. अंग पुन्हा खाली येतं का, शिंकताना लघवी गळते का, कंबर धरते का, अशा अठराच्या अठरा प्रश्नांना तिनं 'नाही' म्हटलं होतं आणि मीही भराभर फुल्या मारत गेले होते.

मागचं म्हणजे काय, हे मी तिला उगाचच विचारलं. मला ते तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

"अहो, संडासचं हो. पुढचं दार नीट बसवलं, मागचं अडकलं. अर्धा अर्धा तास बसते आणि शेवटी... जाऊ दे. तुमच्या कागदावर नसेल तर राहू दे."

मी कागदाकडे पाहिलं. अठराव्या प्रश्नाखाली दोन बोटं जागा कोरी होती. पट्टी घेऊन रेघ मारली आणि हातानं लिहिलं: १९. शौचाला काही त्रास होतो का? कसा?

"आहे की कागदावर," मी म्हटलं. "सांगा."

तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत मी तेव्हा सव्वीस वर्षं काढली होती. रोग्यांच्या फायली लावायच्या, मागितल्या की काढून द्यायच्या, परत आल्या की जागेवर ठेवायच्या. हे फोनचं काम माझं नव्हे. पण बायकांच्या विभागाचे मोठे डॉक्टर महिनाअखेर निवृत्त होत होते. त्याआधीच्या शनिवारी सभागृहात बाहेरगावचे डॉक्टर जमणार होते आणि मोठे डॉक्टर आपल्या ऑपरेशनच्या पद्धतीवर बोलणार होते. त्यासाठी त्यांना आकडे हवे होते. एकशे चाळीस बायकांची यादी आणि छापील प्रश्न माझ्याकडे आले. बाईमाणसाशी बायका मोकळं बोलतात आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून मला निवडलं, असं त्यांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. तिच्या मूळ मसुद्यात शौचाचेही दोन प्रश्न होते, मोठ्या डॉक्टरांनी ते उडवले, असंही ती जाता जाता बोलून गेली. म्हणे विषय भलतीकडे जातो.

त्या यादीत एकसष्टावं नाव माझं होतं. मोठ्या डॉक्टरांनी यादीवर सही करून ती माझ्याच हातात दिली, आणि त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी त्यांना अजूनही अहोजाहो करते. सव्वीस वर्षांची सवय. रागानंही सुटत नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर दीड महिन्यात मी कामावर परतले होते. शिडीवर चढून वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवायचे, दिवसाला तीसचाळीस वेळा. पुढं काही वर्षांनी अंग उतरायला लागलं. सकाळी बरं असायचं, दुपार कलली की दोन पायांमध्ये काहीतरी लोंबतंय असं वाटायचं, आणि शेवटी तर ते हातानं आत ढकलून मी शिडी चढायचे. सहा वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. पुढचं काम त्यांनी चोख केलं, हे मी कुणाहीसमोर सांगेन. अंग परत कधी खाली आलं नाही.

पण शौचाला बसलं की मळ खाली यायच्या ऐवजी पुढच्या बाजूला एका खळग्यात शिरून बसायचा. कुंथावं तेवढा आणखी आत. बोटानं आतली भिंत दाबून धरली तरच सुटका. सुटका तरी कसली. उठून हात धुवेपर्यंत पुन्हा वाटायचं, राहिलंच आहे.

दोन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा त्यांच्याभोवती आठ विद्यार्थी होते. मी टेबलावर आडवी, गुडघ्यांवर चादर, मध्ये अर्धा ओढलेला पडदा. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "बोट? कुठे लावता बोट?" तेही सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले, बादलीत टाकले आणि विद्यार्थ्यांकडे बघत मला म्हणाले,

"बाई, मी पिशवीचा डॉक्टर आहे, गटाराचा नाही."

सगळे हसले. कोण कोण ते मला दिसलं नाही. मी छताकडे बघत होते. फाइलमध्ये त्यांनी लिहिलं: जखम उत्तम, तक्रार नाही. ती फाइल संध्याकाळी माझ्याकडेच आली आणि मीच ती जागेवर लावली.

दाताखाली खडा आला तर माणूस थुंकून टाकतो. मी तो खडा सहा वर्षं तोंडात जपला.

एका विद्यार्थ्यानं ते वाक्य खाणावळीत सांगितलं असणार, कारण आठवड्याभरात भांडारवाल्यानं माझं बारसं केलं. उठताना मी शेजारच्या टेबलावर "दहा मिनिटांत आले" म्हणून जायचे आणि चाळीस मिनिटांनी यायचे. म्हणून 'दहा मिनिटं'. "दहा मिनिटं आल्या का?" "दहा मिनिटांना विचारा." एकदा वरून लेखी विचारणा आली, जागेवर नसल्याबद्दल. उत्तरात मी लिहिलं, पोट बिघडलं होतं. सहा वर्षांत माझं पोट बिघडलेलंच नव्हतं. पोट बिचारं आपलं काम करत होतं.

घरी नवऱ्याला कळत होतं. तो लेथवर काम करणारा, बोलायला महागडा. त्यानं एक दिवस वीतभर उंचीचा लाकडी पाट करून संडासात ठेवला. कुठंतरी ऐकलं होतं, म्हणाला, पाय वर घेतले की सोपं जातं. थोडं सोपं गेलंही. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

लेकीच्या बाळंतपणाला मी गेले नाही, नंतर बाळ बघायलाही नाही. तिच्या सासरी सात माणसं आणि एक संडास. मी कडी लावून तासभर आत बसणार आणि बाहेर तिचा सासरा टॉवेल घेऊन उभा राहणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी रजा मिळत नाही म्हणून कळवलं. लेक त्या दिवसापासून फोनवर मोजकंच बोलायची. हा हिशेबही मी मोठ्या डॉक्टरांच्याच नावावर धरला.

तर ते फोन. रोज सकाळी दहा ते एक, खोलीचं दार ओढून. बायका आधी घाबरायच्या. इस्पितळातून फोन म्हणजे काही निघालं की काय. मग अठरा प्रश्नांना हो-नाही करायच्या. एकोणिसाव्याला बहुतेक जणी गप्प व्हायच्या, आणि त्या गप्प झाल्या की मी पेन टेकवून थांबायचे. मला घाई नव्हती.

एक शिंपीणबाई म्हणाली, आधी खुर्चीवर बसायची भीती वाटायची, आता संडासातून उठायची वाटते. भाजी विकणारी एक म्हणाली, "दोन दिवसांआड, तेही बोट लावून. लिही, लिही. लाजतेस काय?" एकीला वायू आवरत नव्हता. घरात पाहुणे आले की ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसायची. घरच्यांना वाटायचं, हिला माणसं आवडत नाहीत. एका निवृत्त शिक्षिकेनं सांगितलं की बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण हे डॉक्टरांना कुठल्या शब्दांत सांगायचं ते काही सुचलं नाही. एका म्हातारीच्या फोनवर सून बोलली, सगळं छान आहे म्हणाली. दुपारी म्हातारीनं शेजारणीच्या फोनवरून उलट फोन केला आणि वीस मिनिटं बोलली.

चांगलं झालेल्याही होत्या. पुष्कळ होत्या. "माझा तर जन्म सुधारला, डॉक्टर देवमाणूस," असं एक म्हणाली. ते लिहिताना माझा हात जड झाला. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. ज्याला पाडायचंय त्याच्या बाजूचंही नीट लिहून ठेवावं. मग त्याला उठायला जागा राहत नाही.

प्रत्येकीला मी शेवटी विचारत होते: नाव न घालता तुमचे शब्द डॉक्टर लोकांना दाखवले तर चालेल का? चौघी नको म्हणाल्या. त्यांचं मी बाजूला ठेवलं. भाजीवाली म्हणाली, "नाव घालून दाखव. फोटो हवा का?"

टाळत ठेवलेल्या एकसष्टाव्या नावाला मी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत हात घातला. खोलीत कुणी नव्हतं. इतर जणींना विचारायचे तसे मी प्रश्न मोठ्यानं वाचले आणि मोठ्यानंच उत्तरं दिली. अठरा झाले. एकोणिसावा वाचला आणि आवाज फुटेना. अठ्ठ्याऐंशी बायकांना मी हा प्रश्न विचारला होता. शेवटी नुसतं लिहून काढलं. त्रास कसा, ते दोन ओळींत. खाली: डॉक्टरांना सांगितलं होतं का? हो. ते काय म्हणाले? आणि ते वाक्य, तारखेसकट.

एकशे अठरा जणी फोनवर सापडल्या. त्यातल्या एक्कावन्न जणींना मागचा त्रास होता. काहींना आधीपासून, काहींना ऑपरेशननंतर. अठरा प्रश्नांचे आकडे मी धाकट्या डॉक्टरबाईंना वेळेवर दिले. एकोणिसाव्याचं दिलं नाही. ते मी घरी दोन रात्री बसून टाइप केलं आणि बाहेरच्या दुकानातून प्रती काढून आणल्या.

शनिवारी सभागृह लावायचं कामही आम्हा कारकुनांकडेच होतं. प्रत्येक खुर्चीवर एक पाकीट: कार्यक्रम, कोरे कागद, पेन. मी सातलाच गेले आणि नव्वद पाकिटांत नव्वद प्रती घातल्या. वर फक्त 'एकोणिसावा प्रश्न : रुग्णांच्या शब्दांत' एवढंच. आत नावांऐवजी यादीतले आकडे.  गंमत म्हणजे त्या सकाळी घरी मला दहा मिनिटांत मोकळं झालं होतं.

मोठे डॉक्टर चांगलं बोलत. मी मागच्या भिंतीशी, लागतील म्हणून काढलेल्या फायली घेऊन उभी होते. पडद्यावर आकडे आले: शंभरातल्या चौऱ्याण्णव जणी समाधानी. आकडा खोटा नव्हता. टाळ्या पडल्या. तोवर तिसऱ्या रांगेत कुणीतरी पाकीट उघडलं होतं. मग शेजारच्यानं उघडलं. ते बोलत राहिले आणि सभागृहात पानं उलटल्याचा आवाज पसरत गेला. कुणीतरी हुंकारलं. कुणीतरी हसायला गेलं आणि शेजाऱ्याकडे बघून थांबलं.

भाषण संपल्यावर पांढऱ्या केसांच्या एक पाहुण्या डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी विचारलं, या बायकांच्या शौचाच्या तक्रारींचं काय. मोठे डॉक्टर म्हणाले, तशी तक्रार आमच्याकडे आलेली नाही. त्यावर बाईंनी कागद वर धरला आणि हे मग कुणाचं, असं विचारलं. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी त्यांना मंचावर एक प्रत नेऊन दिली.

"एकसष्टावं वाचता का?" पाहुण्या बाई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी ते मनात वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हा खोडसाळपणा आहे. असं वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही. कोण आहे ही एकसष्ट?"

"मी," मी म्हणाले.

नव्वद माना वळल्या. मी फायली खाली ठेवल्या. या क्षणी त्यांचा चेहरा कसा होईल, हे मी सहा वर्षं संडासात बसून नाना तऱ्हांनी पाहिलं होतं. पांढराफटक, लालबुंद, घामेजलेला. पण ते नुसते माझ्याकडे बघत राहिले; ओळखीचं काही सापडतंय का ते शोधत.

"तुम्ही रेकॉर्डच्या ना?" ते म्हणाले. "तुमचं ऑपरेशन मी केलं होतं?"

ते खरंच विचारत होते.  मी जे सहा वर्षं जपलं होतं, ते त्यांच्याकडे कधी नव्हतंच.

तेव्हा चित्रं बदलायच्या यंत्राशी बसलेली धाकटी डॉक्टर उठून उभी राहिली. 

"सर, तुम्ही म्हणाला होतात," ती म्हणाली. "मी विद्यार्थिनी होते तेव्हा. पडद्याला लागून उभी होते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी हसले होते."

मोठे डॉक्टर थोडं पाणी प्याले आणि म्हणाले, पुढचं चित्र घ्या. ती यंत्राला हात लावेना. शेवटी ते स्वतः मंचावरून उतरले, यंत्रापाशी वाकले, आणि सगळं सभागृह बघत असताना त्यांना बटण सापडेना. एक दाबलं तर चौऱ्याण्णवचा आकडा पुन्हा आला. दुसरं दाबलं तर पडदा कोरा झाला.

खोटं कशाला सांगू, गार वाटलं. दोन दिवस गार वाटत होतं.

सोमवारी लेकीचा फोन आला. नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, न बोलणाऱ्या माणसानं.  ती म्हणाली, "एवढंच होतं, आई? मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तू आली नाहीस." मला हे कधी सुचलंच नव्हतं. हा हिशेब मात्र डॉक्टरांच्या नावावर धरता येईना. तोंड मी मिटलं होतं.

मोठे डॉक्टर ठरल्या दिवशी फुलं घेऊन निवृत्त झाले. माझी चौकशी झाली, परवानगीवाचून कागद वाटले म्हणून. तुम्हाला पश्चात्ताप होतो का, असं विचारलं, मी नाही म्हटलं. माझी बदली कापडखोलीत झाली. रेकॉर्डची खोली सोडताना भांडारवाल्यानं माझा डबा-पिशवी उचलून वरपर्यंत आणून दिली. नावानं हाक मारली. 

पण त्या एक्कावन्न जणी. त्यांचे फोन रेकॉर्डच्या खोलीतून कापडखोलीत येऊ लागले. पुढं काय, असं विचारायच्या. मी प्रश्न विचारून ठेवला होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते धाकट्या डॉक्टरबाईंनी काढलं. दर बुधवारी सकाळी, पहिल्या मजल्यावर, फक्त या त्रासासाठी तपासणी. कुणाला व्यायाम शिकवायचे, कुणाचं खाणं-पिणं आणि बसण्याची पद्धत बदलायची, थोड्या जणींची मागची भिंत शिवायला लागेल, आणि काहींचं पूर्ण बरं होणार नाही, तेही तिनं त्यांना तोंडावर सांगितलं. मी एकेकीला फोन करून पाठवलं. म्हातारीला तर सुनेला थाप मारून बोलावलं, डोळे तपासायचेत म्हणून.

मी गेले नाही. एका बुधवारी तिनं निरोप धाडला, दुसऱ्या बुधवारी चिठ्ठी. मी उत्तर दिलं नाही.

काल धुतलेल्या चादरींची गाडी घेऊन मी पहिल्या मजल्यावरून चालले होते. बाकावरची शेवटची बाई नुकतीच निघाली होती. ती बस धुणारी होती. जिन्यापर्यंत वळून वळून माझ्याशी बोलत गेली. धाकटी डॉक्टर दारात उभी होती.

"ताई, अजून वेळ आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "आत कुणी नाही. विद्यार्थी नाहीत, पडदा पूर्ण ओढून घेते."

मी गाडीतून दोन स्वच्छ चादरी काढून तिच्या हातात ठेवल्या. "या टेबलासाठी," मी म्हटलं. "आज नाही."

 ती आत गेली, टेबलावर चादर अंथरली, चारही कोपरे ओढून नीट खाली खोचले आणि शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. तिला बसू दे. छताकडे बघत मी बराच वेळ काढलाय.

मी गाडी ढकलत निघाले. एक चाक कुरकुरत होतं, त्यामुळे मागचं नीट ऐकू येत नव्हतं. वळणापाशी गाडी थांबवून मी कान दिला. दार लावल्याचा आवाज आला नव्हता.